जुन्या कारखान्याच्या जागेत तेल मुरलंय का? माती आणि भूजल तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातलं वागळे इस्टेट, भांडुप-कांजूरचा एलबीएस मार्ग, पिंपरी-चिंचवड, भोसरी: कारखाने बंद होतात, शेड पाडल्या जातात आणि जागेवर घरांचा प्रकल्प येतो. अशा जमिनीत वर्षानुवर्षं मुरलेलं तेल कसं शोधतात, याबद्दल जमीन घेणारे, सोसायटीवाले, शेजारचे विहीरमालक आणि जुने कामगार नेहमी जे विचारतात, त्याची ही उत्तरं. मी भूजलशास्त्रातला माणूस आहे, त्यामुळे जिथे पाण्याचा विषय येतो तिथे उत्तर लांबलं आहे.

आमच्या प्लॉटवर पेट्रोलपंप कधीच नव्हता. मग तेल कुठून येणार?

बॉयलर होता का? असेल तर फर्नेस ऑइलची किंवा एलडीओची (हलक्या डिझेल तेलाची) टाकी होती. जनरेटर होता? मग डिझेल होतं. मशीन शॉपमध्ये कटिंग ऑइल आणि कूलंट, पार्ट धुवायला रॉकेल किंवा एमटीओ (टर्पेंटाइनसारखं द्रावक), पेंट शॉपमध्ये थिनर, सबस्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मरचं तेल, गॅरेजमागे काळं ऑइल. लहानशा इंजिनिअरिंग युनिटमध्येही यातल्या तीन-चार गोष्टी असतातच.

टाकी फुटून एकदम गळती होणं तसं क्वचितच. खरं नुकसान रोजच्या थेंबांनी होतं. टँकरची नळी जिथे जोडतात त्या फिलिंग पॉइंटखालची माती, टाकीपासून बॉयलरपर्यंत जमिनीखालून गेलेल्या लाइनचे सांधे, शेडमधलं पाणी वाहून नेणारं गटार आणि मागच्या बाजूचं भंगार ठेवायचं आवार या चार ठिकाणी मी सर्वात आधी जातो.

तेल जुनं आहे. इतक्या वर्षांत कुजून गेलं नसेल का?

काही अंशी जातं. जमिनीतले जिवाणू हायड्रोकार्बन, म्हणजे तेलाचे घटक, खातात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. बरंचसं उपसल्यावरही सुमारे ४ लाख लिटर जमिनीत राहिलं. तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने त्या जागेचा अभ्यास दशकानुदशकं चालू ठेवला. जिवाणू काम करतात हे तिथे पक्कं दिसलं, आणि तेल तरीही दशकानुदशकं तिथेच राहतं हेही दिसलं. आधी पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्या आधारे काम चालतं आणि शेवटी मिथेन तयार होतो. वेग मंदावत जातो.

कुठलं तेल सांडलं यावरही बरंच अवलंबून आहे. फर्नेस ऑइल दाट असतं, पाण्यात फारसं विरघळत नाही, मुरुमात चिकटून बसतं. पेट्रोलचं तसं नाही. त्यात बेंझिन असतं, आणि ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतं. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. भागाकार करून पाहा: एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन पावणेनऊ लाख लिटरच्या आसपास पाणी त्या मर्यादेवर नेऊन ठेवतं. आणि जुन्या पेट्रोलमध्ये बेंझिनचं प्रमाण यापेक्षा जास्त असायचं.

सुरुवात ड्रिलिंगनेच करायची ना?

नाही. सुरुवात कागदांपासून आणि माणसांपासून करायची. याला पहिला टप्पा म्हणतात, आणि यात वाचवलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

सर्वात उपयोगी कागद म्हणजे पेट्रोलियम साठ्याचा परवाना. तो पेसो ही स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था देते, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. जुन्या लोकांच्या तोंडी ‘एक्स्प्लोझिव्हचं लायसन्स’. त्याला जोडलेल्या नकाशात टाक्या कुठे, केवढ्या आणि जमिनीखाली की वर, हे सगळं असतं. मात्र फर्नेस ऑइलसारखं चटकन पेट न घेणारं तेल या परवान्यात दिसेलच असं नाही, म्हणून बॉयलरचे कागद वेगळे शोधावे लागतात. त्याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं, घातक कचऱ्याचे वार्षिक तक्ते (वापरलेलं तेल तिथे ५.१ या वर्गात नोंदलेलं सापडतं), कारखाना निरीक्षकांकडचे मंजूर नकाशे, एमआयडीसीचा प्लॉट असेल तर त्यांच्याकडची फाइल, सिटी सर्व्हेचा नकाशा आणि जुनी उपग्रहचित्रं. चित्रांत वर्षागणिक कुठली शेड वाढली, कुठे काळा डाग पसरत गेला, हे दिसतं.

आणि माणसं. निवृत्त बॉयलर अटेंडंट, स्टोअरकीपर, वॉचमन यांना चहाला बोलवा आणि जागेवर घेऊन फिरा. ऑफिसात बसून त्यांना आठवत नाही, पण तुटलेल्या जोत्याजवळ उभे राहिले की हात आपोआप दिशा दाखवतो: “इथं खाली टाकी होती, नंतर डेब्रिज टाकून बुजवली.” अशी बुजवलेली टाकी कुठल्याच नकाशात नसते. लोखंडी असेल तर मॅग्नेटोमीटरने किंवा जीपीआरने (जमिनीत रडारच्या लहरी सोडून) जागा पक्की करता येते. फक्त ओल्या काळ्या मातीत आणि खाडीच्या चिखलात जीपीआर फार खोल बघू शकत नाही.

किती भोकं मारायची?

एकराला इतकी, असा आकडा कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. संशयाच्या प्रत्येक जागी निदान दोन-तीन, तेल ज्या दिशेला सरकलं असेल त्या बाजूला आणखी, आणि वरच्या बाजूला, म्हणजे भूजल जिकडून येतं तिकडे, एखादं तरी. नाहीतर शेजाऱ्याच्या जागेतून आलेली घाण आपल्या नावावर लागते. बाकी जागेत विरळ जाळी. पाणी कुठे वाहतंय हे कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी (भोकात जाळीचा पाइप बसवून केलेल्या, पाणी मोजायच्या आणि तपासायच्या) लागतात आणि तिन्हींच्या तोंडाची उंची लेव्हल लावून मोजलेली हवी. आपल्या खडकात तीन बहुधा पुरत नाहीत.

आपल्या खडकात असं वेगळं काय आहे?

परदेशी पुस्तकांतली बहुतेक चित्रं वाळूची आहेत. वाळूत तेल खाली उतरतं, पाण्याच्या पातळीवर पसरतं आणि प्रवाहाच्या दिशेने लांबट पट्टा तयार होतो. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. वर काळी माती किंवा भराव, मग मुरूम, मग फुटीर खडक, मग अखंड काळा पाषाण, मध्येच सच्छिद्र थर, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि दोन लाव्हा थरांच्या मध्ये कधी लाल चिकण मातीचा पट्टा, ज्याला बोल म्हणतात. तेल इथे पसरत नाही, फटी धरून जातं. दहा फुटांवरचं भोक कोरडं आणि स्वच्छ निघतं, आणि पन्नास फुटांवरच्या विहिरीत तवंग येतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे चिकणमाती आहे म्हणून वरचं तेल वरच राहील, असंही धरून चालता येत नाही.

यात भर घालते कारखान्याची जुनी बोअरवेल. आपल्याकडे केसिंग वरच्या मऊ थरापुरतं टाकतात आणि खाली उघडं भोक सोडतात. म्हणजे वरच्या मुरुमातलं पाणी आणि खालच्या खडकातलं पाणी या भोकाने एकमेकांना जोडलेलं असतं. लाल बोलने जे अडवून धरलं असतं, ते या बोअरमधून सरळ खाली जातं. कुठल्याही जुन्या औद्योगिक प्लॉटवर मी पहिल्या दिवशीच बोअरवेल किती आणि कुठे आहेत ते विचारतो. तपासणी झाल्यावर त्या सिमेंट-बेंटोनाइटने तळापासून वर भरून बंद करायच्या. तोंडावर दगड ठेवून माती लोटणं म्हणजे बंद करणं नव्हे. तपासणीसाठी आपण मारलेल्या भोकांनाही हाच नियम.

मुंबईत खाडीकाठी आणि भरावाच्या जमिनीवर चित्र आणखी बदलतं. तिथे भरतीओहोटीने पाण्याची पातळी दिवसातून दोनदा हलते, म्हणून एका वेळच्या मोजणीवरून प्रवाहाची दिशा ठरवता येत नाही.

नेहमीच्या बोअरवेलवाल्याकडून मारून घेतलं तर?

डीटीएच मशीनने (भोकाच्या तळाशी हवेवर चालणाऱ्या हॅमरने) खडक पटकन फुटतो, पण कॉम्प्रेसरची हवा भोकातून जोरात वर येते आणि तिच्याबरोबर बेंझिनसारखे उडून जाणारे पदार्थही जातात. वर हॅमरला घातलेलं वंगण नमुन्यात मिसळतं. मग आपण शोधत असलेलं तेल कारखान्याचं की मशीनचं, हा वाद. माती आणि मुरुमात ऑगर किंवा दाबून घालायचा सँपलर वापरावा. खडकात डायमंड बिटने स्वच्छ पाणी वापरून कोअर, म्हणजे सलग दंडगोल नमुना, काढावा. डीटीएचशिवाय इलाज नसेल, तर त्या भोकातल्या चुऱ्यावरून उडणाऱ्या पदार्थांबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नये. फक्त विहीर बसवावी, काही दिवस स्थिरावू द्यावी आणि मग पाणी तपासावं.

विहीर बसवताना पीव्हीसीचे पाइप सोल्युशन लावून चिकटवू नका. त्या सोल्युशनमधले द्रावक पाण्यात उतरतात आणि रिपोर्टमध्ये दिसतात. आट्यांचे पाइप मिळतात. आणि जाळीचा, म्हणजे स्लॉट असलेला भाग पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे यायला हवा. तेल पाण्यावर तरंगतं. जाळी पूर्ण पाण्याखाली गेली तर तवंग केसिंगबाहेरच अडतो आणि विहिरीत स्वच्छ पाणी दिसतं.

तपासणी कुठल्या महिन्यात करावी?

निदान दोनदा: मे महिन्याच्या शेवटी आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. लोकांना ही अट सर्वात जाचक वाटते, आणि मी सर्वात कमी सोडतो तीही हीच.

कोकणपट्टीत आणि घाटाखाली उन्हाळा ते पावसाळा पातळी कित्येक मीटर वर येते. पातळी खाली जाते तेव्हा तेलही तिच्याबरोबर उतरतं आणि वाटेतली माती, फटी माखून ठेवतं. पाऊस पडून पाणी चढलं की माखलेल्या पट्ट्यातलं बरंच तेल पाण्याखाली अडकतं. सप्टेंबरमध्ये त्याच विहिरीत तवंग दिसत नाही, आणि मे महिन्यात पुन्हा बोटभर येतो. तेल गेलेलं नसतं. उलट भर पावसाळ्यात तेच तेल जास्त पाण्याच्या संपर्कात असतं, त्यामुळे विरघळलेल्या बेंझिनचे आकडे तेव्हा चढलेले मिळू शकतात. एकाच मोसमातला रिपोर्ट हातात असेल तर अर्धीच माहिती हातात आहे.

नमुने घेताना आम्ही काय बघावं?

जागेवर हजर राहा. मातीचा कोअर बाहेर आला की तंत्रज्ञाने लगेच छोटा भाग झिपच्या पिशवीत घालून, ढेकळं फोडून, काही मिनिटं सावलीत ठेवून आत पीआयडीची (उडणारी वाफ मोजणाऱ्या मीटरची) नळी घालायला हवी. काटा चढला ती खोली नोंदवायची आणि तिथला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. शिवाय थर बदलतो तिथला आणि पाण्याच्या पातळीच्या जरा वरच्या ओलसर पट्ट्यातला नमुना हवाच. पीआयडी दाट फर्नेस ऑइलला फारसा दाद देत नाही. तिथे डोळा, वास आणि पांढऱ्या ताटलीत पाणी घालून हलवलेली माती यांवर भर द्यावा लागतो. वास मुद्दाम नाकाशी धरून घेऊ नये, हेही सांगून ठेवतो.

पाण्याचा नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत घेतात. आत आधीच आम्लाचे थेंब असतात, जिवाणूंचं काम थांबावं म्हणून. बाटली हळू, कडेने भरायची, इतकी की तोंडावर पाण्याचा फुगीर घुमट दिसावा. मग झाकण लावून बाटली उलटी करायची आणि बोटाने टिचकी मारायची. एक जरी बुडबुडा वर सरकला तरी ती बाटली बाद, कारण बेंझिन त्या बुडबुड्यात निघून जातं. नवी घ्यायची. सगळ्या बाटल्या बर्फाच्या पेटीत, ४ अंशांच्या आसपास, आणि १४ दिवसांच्या आत तपासणी. पेटीत शुद्ध पाण्याची एक बंद बाटली प्रवासभर सोबत असावी. तिच्यात काही सापडलं तर दोष वाहतुकीतला. बिसलेरीच्या बाटलीत भरून मोटारसायकलच्या डिकीतून नेलेल्या नमुन्याचा रिपोर्ट कितीही चकचकीत असला तरी निरुपयोगी आहे.

प्रयोगशाळेने ‘ऑइल अँड ग्रीस’ मर्यादेत आहे असं दिलं. मग प्रश्न मिटला?

नाही, आणि इथे फार लोक फसतात. त्या जुन्या चाचणीत तेल द्रावकात काढून घेतात, द्रावक उडवून टाकतात आणि उरलेलं तोलतात. बेंझिन, टोल्युइन द्रावकाबरोबरच उडून जातात. सांडपाण्यासाठी ती चाचणी ठीक आहे, भूजलातल्या पेट्रोलसाठी नाही.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा बेंझिनच्या १० मायक्रोग्रॅमच्या पन्नास पट झाला. एकूण तेल मर्यादेत आणि बेंझिन मर्यादेबाहेर, असं सहज घडू शकतं. म्हणून मागणी लेखी करा: बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन हे चौघे वेगवेगळे, नॅप्थलिनसह पीएएच (अनेक कड्यांचे हायड्रोकार्बन), पेट्रोलसाठी एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं रसायन), आणि कार्बनच्या संख्येनुसार विभागलेलं टीपीएच (एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन). यंत्र किती कमी मोजू शकतं तो आकडाही रिपोर्टमध्ये हवा. ‘आढळलं नाही’ या शेऱ्यामागे मोजण्याची मर्यादाच ५० मायक्रोग्रॅम असेल तर त्या शेऱ्याला अर्थ नाही. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यता नेमक्या याच चाचण्यांसाठी आहे का, ते तिच्या यादीत पाहा.

मशीन शॉप असेल तर ट्रायक्लोरोइथिलीनसारखे क्लोरीनयुक्त द्रावक आणि ट्रान्सफॉर्मर असेल तर पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलातली विषारी रसायनं) यादीत घाला. ते द्रावक पाण्यापेक्षा जड असतात, तळाकडे जातात. तरंगणारं तेल शोधणाऱ्या विहिरीत ते सापडत नाहीत.

मातीच्या रिपोर्टमध्ये डच मानक लिहिलं आहे. ते आपल्याला चालतं?

भारतात बरीच वर्षं डच किंवा कॅनेडियन आकडे उसने घेतले गेले. डच यादीत खनिज तेलासाठी हस्तक्षेपाचं मूल्य, म्हणजे ज्याच्या वर माती गंभीर दूषित मानतात तो आकडा, किलोला ५,००० मिलिग्रॅम आहे, पण ते १० टक्के सेंद्रिय पदार्थ असलेल्या प्रमाणित मातीसाठी. तुमच्या मातीत सेंद्रिय भाग कमी असेल तर मूल्य त्या प्रमाणात खाली आणायचं, आणि हिशेबात २ टक्क्यांच्या खाली जायचं नाही. आपल्या मुरुमात सेंद्रिय भाग नगण्यच असतो. म्हणजे लागू होणारा आकडा येतो १,०००. किलोला ३,००० मिलिग्रॅम तेल असलेली माती ‘मानकात बसते’ असं लिहिलेला रिपोर्ट दिसला, तर ही दुरुस्ती केली आहे का, एवढं एकच विचारा.

टीपीएच निघालं, पण तिथे कधीच तेल नव्हतं असं मालक म्हणतात.

ते खरंही असू शकतं. खाडीच्या चिखलात आणि कुजकट भरावात नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ असतात, आणि चाचणीत ते तेलासारखे मोजले जातात. डांबराचे तुकडेही घोळ घालतात. अशा वेळी नुसता आकडा पाहू नका, क्रोमॅटोग्राम, म्हणजे नमुन्यातले घटक वेगवेगळे दाखवणारा आलेख, मागा. डिझेलचा आलेख, वंगणतेलाचा उंचवटा आणि पालापाचोळ्याचे विस्कळीत काटे जाणकाराला वेगळे ओळखता येतात. वयाचाही अंदाज लागतो: देशात शिसंमुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र झालं, तेव्हा पेट्रोलबरोबर त्यातलं सेंद्रिय शिसंही सापडलं तर गळती बहुधा त्याआधीची. आधीच्या आणि नंतरच्या मालकांमध्ये जबाबदारी वाटताना हा पुरावा कामी येतो.

विहिरीत फूटभर तेल आहे. म्हणजे जमिनीतही फूटभर थर आहे?

तसं धरू नका. इंटरफेस मीटर खाली सोडला की तेलात सलग आवाज येतो आणि पाण्यात तुटक. दोन्हींमधलं अंतर म्हणजे विहिरीतली जाडी. जमिनीतलं तेल छिद्रांत आणि फटींत विखुरलेलं असतं. बेसाल्टमध्ये एकाच फटीतलं थोडंसं तेल विहिरीत उंच थर करून उभं राहू शकतं. विहिरीतलं तेल उपसून ते किती वेळात पुन्हा जमतं ते पाहिलं की खरा अंदाज येतो.

जमिनीखालची टाकी काढताना काय धोका?

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. वाफ काढून, मीटरने मोजून, गॅस-फ्री प्रमाणपत्र घेतल्याशिवाय गॅस कटर लावू नये आणि कुणालाही आत उतरवू नये. भंगारवाल्यावर हे सोडू नका. टाकी उचलल्यावर खड्ड्याच्या तळाचे आणि चारही बाजूंचे नमुने घेऊन, फोटो काढूनच खड्डा बुजवावा. तो उघडा असण्याची संधी पुन्हा येत नाही.

कायदा काय सांगतो?

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. जिल्हा प्रशासन किंवा स्थानिक संस्था स्वतःहून किंवा नागरिकांच्या तक्रारीवरून संशयित जागा नोंदवते, मग राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि त्यापुढे ३ महिन्यांत सविस्तर तपासणी करायची, आणि जबाबदार कोण ते ठरवायचं. खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केलं आहे. समुद्रातलं तेलप्रदूषण, खाणकाम आणि किरणोत्सारी कचरा या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. भरपाईसाठी तिथे जायची मुदत पाच वर्षांची आहे, म्हणून पहिल्यांदा कधी कळलं त्याची लेखी नोंद ठेवा.

सापडलं तर पुढे?

कमी जागेत, वरच्या थरात असेल तर माती खोदून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत घातक कचरा केंद्रात पाठवतात. खोल असेल तर वाफ शोषून घेणं, तवंग उपसणं, जिवाणूंना हवा आणि पोषण देणं असे उपाय आहेत. तेलकट गाळासाठी टेरी या संशोधन संस्थेने विकसित केलेलं ऑइलझॅपर हे जिवाणूंचं मिश्रण आपल्याकडे वापरात आहे. कुठला उपाय हे तपासणी पूर्ण झाल्याशिवाय ठरत नाही. फक्त बेसमेंटचा विचार आधीच करा: जमिनीतली बेंझिनची वाफ तडे आणि पाइपांच्या भोकांतून वर येते, आणि दोन मजली पार्किंग म्हणजे आपण स्वतः खाली तिच्यापर्यंत जाणं.

शेजारी कारखाना होता आणि आता आमच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो. आज काय करू?

पिणं आणि स्वयंपाक आजच थांबवा. उकळून उपयोग नाही. उकळताना बेंझिन घरातल्या हवेत येतं. गरम पाण्याने आंघोळही त्याच कारणाने टाळा. विहिरीत डोकावताना काडी, बिडी, उघडा दिवा नको. पंप बंद ठेवा, कारण जोरात उपसा केला की तेल तुमच्याकडे आणखी ओढलं जातं. तारीख, वार, पाऊस होता का आणि पातळी किती फुटांवर होती ते वहीत लिहा. महापालिका किंवा ग्रामपंचायत, जिल्हाधिकारी कार्यालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय या तिन्हींकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नमुना घ्यायला माणूस येईल तेव्हा त्याच्या पेटीत बर्फ आहे का ते पाहा, आणि दुसरा नमुना स्वतःसाठी घ्यायला सांगा.